तेलातली माती

आमी मूळचं आटपाडीच्या पल्याडचं. तिकडं पाऊस म्हंजी पाव्हन्यागत, आला तर आला, न्हाई तर रस्त्यानं तसाच फुडं गेला. बा मेंढरं राखायचा. दिवाळी झाली की आमी बिऱ्हाड घोड्यावर टाकून निगायचो कृष्णंच्या काठाला, उसाचं शेतकरी रानात मेंढरं बसवून घ्यायचं, लेंडीखत हुतंय न्हवं, त्येच्या बदली धान्य द्यायचं. आई तीन दगडं मांडायची की झालं सैपाकघर. मी तितंच रांधाय शिकले, वाऱ्यात. वाऱ्यात रांधनाऱ्या बाईला एक गोष्ट पक्की ठावं असती, वारं कुटनं येतंय त्ये बगायचं आनि त्येला पाठ देऊन बसायचं, मग धूळ भाकरीत येत न्हाई. भाकरीत कचकच लागली तर बा वरडायचा न्हाई, निस्ता आईकडं बगायचा. तेवढं बास व्हायचं.

तुमी म्हनाल तेलाचं इचारलं आनि ही मेंढरं घिऊन बसली. येते की, येते तिकडं. तुमी लिवा निवांत, चा घ्या, गार हुतोय.

लगीन होऊन मी कडेगावाकडं आले. खरं तिकडं मी ऱ्हायलेच किती, मालक कुपवाडला फौंड्रीत कामाला, म्हनून आमी हितंच खोली घेतली. आता कुपवाडात मालक म्हनलं की मानूस कारखान्याचा मालक समजतंय, म्हनून आदीच सांगून ठिवते. मी मालक म्हनलं की माजं मालक. कारखान्यावाल्याला आमी साहेब म्हनतो. आनि मालकांचं नाव घ्या म्हनू नगा, लग्नात घेतलं तेवढंच, त्येबी लोकांनी दार अडवलं म्हनून.

फौंड्री म्हंजी कसं, लोखंड वितळवून साच्यात वतायचं, आनि साचा असतोय वाळूचा, काळ्या भुगभुगीत वाळूचा. मालक साचं करायचं. सांजच्याला घरी आलं की त्येंचं निस्तं डोळं आनि दात दिसायचं, मी हसायची, म्हनायची आवं आदी अंगुळ करा मग वळख द्या. हसायचो बगा आमी त्येला. मग खोकला लागला. ह्यो खोकला, त्यो खोकला, अडुळसा झाला, हळद-दूध झालं, सांगलीची हळद हाय म्हनून काय समदंच बरं करती व्हय. मिरजंच्या डाक्टरनं छातीचा फोटू काढला आनि म्हनला, वाळूची धूळ बसलीया आत, ती आता निगायची न्हाई, आता फौंड्रीत जाऊ नगा, हाय तेवढं जपा. भाईर आल्यावर मालक मला म्हनलं, शालन, आक्कं रान घिऊन बसलोय की गं छातीत, आनि सातबाऱ्यावर नाव न्हाई. असं मस्करीखोर मानूस. मी तितं रस्त्यावर रडाय लागले तर मलाच म्हनत्यात, रडू नगंस, लोकं म्हनतील नवऱ्यानं मारलं.

मग मी गाडा टाकला. त्याच फौंड्रीच्या गेटावर, वडा, कांदाभजी, मिरची. हात बरा हाय माजा, उगं कशाला खोटं बोलू. गेटावरली गर्दी बगून साहेबांनी एक दिस बोलवून घेतलं, म्हनलं बाई, आत कॅन्टीन रिकामं पडलंय, तुमीच चालवा, जेवान करा, नाष्टा करा. माज्या हाताखाली कमल आली, शेजारच्याच खोलीतली, कामाला वाघीन आनि बोलाय काकाकुवा. असं आमचं चाललं. त्याच कमाईवर मालकांचं औषध, घर, समदं. ती चूल बंद पडली की आमी बंद पडलो, येवढं साधं गणित हुतं.

आता तेलाचं. भज्याचं तेल म्हंजी मानसासारखं, तापून तापून म्हातारं हुतंय. पैल्या दिशी सोन्यावानी, मग त्येच्यात बेसनाचं कन जळत्यात, मग तांबडं, मग काळं, मग वास येतोय, वर फेस धरतोय, आनि खानाऱ्याच्या घशाशी येतंय. समद्या गाड्यावर काय करत्यात, जुन्यात नवं वतत्यात आनि चालू. मीबी गाड्यावर तसंच करत आल्ते. खरं कॅन्टीन हातात आल्यावर साहेबांनी सांगितलं, आता तपासनीस येत्यात, पट्टी बुडवून तेल तपासत्यात, काळं तेल चालनार न्हाई. आनि त्येनीच सांगलीच्या एका पावडर इकनाऱ्याला बोलवलं. मानूस पिशवीतनं पांढरी भुकटी काढतोय, मी म्हनलं ह्ये काय मैदा हाय का. तर म्हनला न्हाई, ह्यो दगुड हाय, शुद्ध केल्याला, मॅग्नेशियमचं कायतरी असतंय त्येच्यात, खास खायच्या तेलासाठीच करत्यात. गरम तेलात टाकायची, ढवळायची, आंबूसपना, काळपट, जळका वास समदं ही वढून घेती, मग कागदातनं गाळायचं, पावडर कागदावर ऱ्हाती, तेल खाली. मला काय पटलं न्हाई. मी म्हनलं करून दावा. त्येनं दावलं. काळ्या चासारकं तेल वतलं आनि खाली गुळवण्यासारकं आलं. कमल म्हनली, अगं बया. कागदावर जो गाळ ऱ्हायला तो वल्ल्या राखंवानी काळा. मी तो गाळ बगितला आनि माजं मलाच वंगाळ वाटलं, ह्ये समदं आजपातूर पोटात जाईत हुतं की.

खरं एक ध्यानात घ्या, पावडरनं मेल्यालं तेल जित्तं हुत न्हाई. म्हातारपन लांबतंय तेवढंच. पट्टी सांगंल तवा तेल द्यायचंच, त्ये गोळा करनारा येतोय त्येला. मी त्येच्यात कदी काटकसर केली न्हाई.

त्या दिशी घरी गेले, मालक दारात बसल्यालं. माज्याकडं बगितलं आनि म्हनलं, भुवया कशानं पांढऱ्या झाल्या गं तुज्या. मी हरकून समदं सांगाय लागले, पावडर अशी, तेल असं, आनि ही दगडाची भुकटी हाय म्हनल्यावर त्येंचं तोंडच उतरलं. म्हनलं, एक माती हुती घरात, आनि दुसरी आनलीस व्हय. आनि उटून आत गेलं.

मला लय लागलं त्ये. मी काय समजले, की ह्येंच्या छातीत वाळू हाय म्हनून ह्येंना वाटतंय मी लोकांच्या पोटात तीच घालाय निगाले.  तितनं फुडं त्ये रोज इचारायचं, आज टाकलीस का माती. मी म्हनायची, टाकली. झालं, तेवढंच. आनि मीबी हट्टानं माती म्हनाय लागले, माती तर माती. कमलनं उचललं. सैपाकघरात पावडरीला कुनी पावडर म्हनंनाच, माती संपली, माती आना, मातीचं पोतं कोपऱ्यात सरकीव. तोंडात बसलं.

आनि तितंच घात झाला बगा. जेवनाची सुट्टी हुती, कांदाभजीचा दिस, लाइन दारापातूर. मी वाढायच्या खिडकीत. आदल्या घाण्याचं तेल काळं पडाय लागल्यालं म्हनून ती कढई बाजूला घेतल्याली, आनि मी नादात तितनंच वरडले, कमल, तेलात माती टाकलीस का गं.

आवं, चमचं वाजायचं थांबलं. येवढं मोटं कॅन्टीन, पंख्याचा आवाज याय लागला. विलास म्हनून एक साचं करनारा हाय, वाळव्याकडचा, मालकांच्याच हाताखाली शिकल्याला, सादा मानूस खरं त्येच्या शब्दाला मान. त्येनं ताट हळूच बाजूला सारलं, आनि माज्याकडं निस्तं बगितलं. वरडला असता तर बरं झालं असतं. मागनं कुनीतरी म्हनलं, वैनीनं आमच्या अन्नात माती कालवली की रं. तुमास्नी तर ठावंच हाय, ह्ये आपन कवा म्हनतो, एखाद्याचं पोटच मारलं तर म्हनतो. त्येनी त्ये खरंच म्हनलं. मी खिडकीतनं सांगाय लागले, न्हाई रं बाबानू, माती न्हवं, पावडर हाय ती, गाळून काढतो आमी. मग माती का म्हनलीस वैनी. आता ह्येला काय सांगू. नवरा-बायकूचं भांडान हाय म्हनून सांगू? मानसं उटली, एक गेला, मागनं दुसरा, भज्यांची परात तशीच.

चा व्हायच्या आत कुपवाडभर झालं. कुनीतरी माजा फोटू काढला हुता, हातात पावडरीचं मापटं, आनि खाली लिवलं, कॅन्टीनवाली बाई तेलात माती घालती, सावध ऱ्हावा. त्यो फोटू फिरत फिरत आटपाडीला गेला. सांजच्याला भावाचा फोन, आक्का, ह्ये काय गं. कडेगावातनं नंदेचा फोन, म्हनली वैनी आमचं नाव कशाला घालवतीस. मी फोन बंद करून फडक्यात गुंडाळून डब्यात ठिवला. त्येचा काय दोष, खरं मला त्येच्याकडं बगवंना.

साहेब भला मानूस. म्हनलं, बाई, पावडर मीच आनाय लावली, मला ठावं हाय काय हाय त्ये. खरं मानसं जेवत न्हाईत. तपासनीस आलं, तेल घेतलं, पावडर घेतली, बाटल्या बंद करून न्हेल्या, म्हनलं रिपोट येईल. कवा येईल? येईल. साहेब म्हनलं, मी थांबतो, खरं कायम न्हाई थांबू शकत. मानसं परत बसली न्हाईत तर दुसरं कोन बगावं लागंल. राग न्हवता त्येंच्या आवाजात. म्हनून जास्त भ्या वाटलं. रागाला उत्तर देता येतंय.

त्ये दिस असं जायाचं. सकाळी चूल पेटवायची, कनीक मळायची, डाळ शिजवायची, आनि सुट्टीचा भोंगा झाला की खिडकीत हुबं ऱ्हायाचं. मानसं येनार, माज्या फुडनं जानार, आनि भाईर लिंबाखाली घरची भाकरी सोडून बसनार. मला दिसायचं समदं. कुनाची चटनी, कुनाची वांग्याची भाजी, एकमेकाला वाढत्यात, आनि माज्या डाळीवर साय धरलीया. आफिसातलं दोगंतिगं साहेबांच्या भिडंनं जेवायचं, त्येबी भजी सोडून. कमलची वाघीन गेली, निस्तं डोळं पुसायची, म्हनायची, आक्का, टाकली म्हनून मी आपनहून आदीच सांगितलं असतं तर तुमाला वरडावं लागलं नसतं.

एकदा मी लिंबाखाली गेले. विलासला म्हनलं, विलासा, तू वाळव्याचा, गुऱ्हाळं बगितलीस न्हवं. उसाच्या रसात भेंडीचा चीक घालत्यात का न्हाई? मळी धरती, वर येती, झाऱ्यानं काढत्यात, मग गूळ पिवळाधमक. गुळात भेंडी ऱ्हाती का रं? तसंच हाय ह्ये. त्यो भाकरीचा घास हातात धरून इचार करत बसला. मला वाटलं पटलं. मग म्हनला, वैनी, खरं हाय तुमचं, पर भेंडी मानूस खातंय. माती खातंय का?  मी परत आले. पाठीमागं कुनी हसलं न्हाई, त्येचंच वाईट वाटलं, हसली असती तर अजून आपलीच हाईत म्हनलं असतं.

त्या सांजंला मी मालकास्नी म्हनलं, आवं, तुमी चला एकदा. तुमी त्येंच्यातलं, तुमचं ऐकतील. निस्तं येवढं सांगा की हिच्या हातचं खावा. मालक भितीकडं तोंड करून पडल्यालं. तसंच म्हनलं, डोळ्यानं बगून मला पटल्याबिगर मी कसं सांगू. माजा तोल गेला. मी म्हनलं, म्हंजी तुमालाबी वाटतंय मी लोकास्नी इख घालते. तुमच्या एका शब्दानं ह्ये समदं झालं, माती माती करून माज्या तोंडात त्यो शब्द कुनी घातला? जी माती तुमच्या छातीत हाय ती काय मी घातली व्हय? असं बोलू नये. तरीबी बोलून गेले. त्येंचा श्वास सूं सूं वाजाय लागला, अंधारात तेवढाच आवाज. मी पानीबी इचारलं न्हाई. येवढ्या वरसात असं कदी झालं न्हवतं.

दुसऱ्या दिशी साहेब म्हनलं, बाई, जे करताय त्ये भाईर अंगनात करा, समद्यांच्या फुडं. लपवायचं काय हाय. मला पटलं. सुट्टीच्या टायमाला शेगडी भाईर काढली, कढई ठिवली, गाळायचा स्टँड मांडला, कागद लावला, पावडरीचं पोतं आनलं. मानसं लिंबाखालनं बगत हुती, काय उटून जवळ आली, हाताची घडी घालून हुबी ऱ्हायली. विलास फुडंच. तेल तापलं. मला राग हुता, समद्यांवर, घरी पडल्याल्या मानसावर जास्त. त्या रागात मी एक इसरले. ज्ये आईनं चालाय यायच्या आदी शिकवलं, त्येच इसरले. वारं माज्या तोंडावर हुतं.

येवढ्यात गेटाकडनं मालक येताना दिसलं. खोली काय लांब न्हाई, खरं त्येंना चार पावलं टाकली की थांबाय लागतंय. गळ्यात टावेल, हात कमरंवर, थांबत थांबत येत्यात.  मला काय वाटलं, खोटं कशाला सांगू, मला वाटलं ह्ये माज्याच इरोदात बोलाय आलं. काल मी असं बोलले, आता ह्येनी समद्यांच्या फुडं सांगायचं, हिला बंद करा म्हनून. मानसांनी वाट दिली, कुनीतरी मिस्त्री मिस्त्री म्हनलं, फौंड्रीत त्येंना तसंच म्हनत्यात, खुर्ची आनली, त्ये बसलं न्हाईत. मी खाली बगून पोतं उगडलं, मापटं भरलं आनि उचललं. वाऱ्यानं त्यातली भुकटी उडाली, आक्की माज्या तोंडावर.

थांब, म्हनून वरडलं मालक.

त्येंचा तसला आवाज त्ये फौंड्रीत कामाला असताना मी ऐकला असंल, त्येच्यानंतर न्हाई. माजा हात तसाच वर. मागनं एकजन म्हनला, बगा, घरचाच मानूस न्हाई म्हंतोय. आनि त्या वरडन्यानं मालकास्नी खोकला लागला. कसला खोकला, वाकलं, गुडघ्यावर हात टेकलं, मानसं हुबी, कुनी हललं न्हाई, तेल कढईत तडतडतंय आनि ह्येंचा खोकला सरंना.  मग त्ये सरळ झालं, डोळं पुसलं. माज्याजवळ आलं. गळ्यातला टावेल काढला आनि माज्या नाकातोंडावर बांधला, मागं गाठ मारली, ढिली झाली म्हनून सोडून परत मारली. समद्यांच्या फुडं. ज्या मानसानं लग्नात माज्याकडं धड बगितलं न्हाई लाजंनं, त्येनं.

मग म्हनलं, आता टाक. आनि वाऱ्याला पाठ दे की, धनगराची लेक न्हवं तू.

मी टावेलातनं म्हनलं, आवं, मग माती माती काय म्हनत हुता येवढं दिस? तर म्हनलं, लोकांच्या पोटाचं कोन म्हनत हुतं. तू रोज भुवया पांढऱ्या करून येतीस, तुज्या छातीत जाती म्हनून म्हनत हुतो. मला वाटलं तुला कळतंय.

कळतंय म्हनं. मानसानं तोंडानं बोलावं का न्हाई सांगा तुमी. 

मालकांनी पोत्याकडं बोट केलं. त्येच्यावर इंग्रजीत लिवल्यालं समदं, त्ये साहेबांनी वाचल्यालं, पावडरवाल्यानं वाचल्यालं, आनि खाली कोपऱ्यात एक बारकं चित्र, तोंडाला फडकं बांधल्याला मानूस. रोज हाताखालनं जायाचं, मी कदी बगितलं न्हाई. मालक विलासकडं वळलं. म्हनलं, विलासा, मी हितं जी माती खाल्ली न्हवं, ती ताटातनं आली न्हाई रं. नाकातनं आली. तुमी हिच्या भज्यात माती हुडकताय, हुडका, हुडकायला पायजेच, पोटाचा सवाल हाय. खरं आता सुट्टी संपली की आत जाऊन काय करनार हाय तुमी?

 विलासच्या मनगटापातूर काळी वाळू बसल्याली, त्यो आपल्या हाताकडं बगत ऱ्हायला. मी पावडर टाकली, ढवळली, वाऱ्याला पाठ देऊन. कागदावर वतलं, काळा गाळ वर ऱ्हायला, तेल खाली उतराय लागलं, निवळ. मालक हुबं ऱ्हाऊन समदं बगत हुतं, त्येंनीबी पैल्यांदाच बगितलं. गाळ निवल्यावर त्येला बोट लावलं, गाळल्याल्या तेलाचा थेंब चमच्यात निववून अंगठ्यावर चोळला, कचकच लागती का बगितलं, साच्याची वाळू बगायचं तसं. मग म्हनलं, काढ एक घाना.

कांदाभजी काढली. मालकास्नी तेलकट बंद हाय, डाक्टरनं निक्षून सांगितल्यालं, माज्या हातचं भजं त्येनी कवा खाल्लं त्ये मला आटवत न्हवतं. म्हनलं, दे एक. मी म्हनलं डाक्टरनं न्हाई म्हनलंय. दे म्हंतो न्हवं. अर्धं खाल्लं, सावकास चावून. उरल्यालं अर्धं विलासच्या फुडं धरलं. त्यो वाईच थांबला. मग घेतलं, आनि खाल्लं. म्हनला, मिस्त्री, मीठ कमी हाय. मालक म्हनलं, घरीबी कमीच असतंय, तीस वरसं सांगतोय. आनि हसली मानसं. त्ये हसनं ऐकून मी टावेलात त्वांड घालून रडले, बरं झालं बांधला हुता.

लगीच समदं गोड झालं असं समजू नगा. त्या दिशी काय जन बसलं, काय तसंच गेलं. हळूहळू आलं. एक-दोगं अजून घरची भाकरी आनत्यात, आनूद्यात, त्येंच्या मनाचं मी काय करू. रिपोट आला मागनं, चांगला आला, साहेबांनी भितीला लावला, खरं तवर कुनी इचारायचं बंद झालं हुतं. विलास आनि बाकीच्यांनी मिळून साहेबांकडं तोंडाचं मास्क मागितलं, मिळालंबी चांगलं. घालत्यात का? निम्म्यांच्या गळ्यात असतंय, ताईतागत. मी वाढताना म्हंते, ज्येच्या नाकावर मास्कचा वळ दिसत न्हाई त्येला भजी न्हाई. तवा गालावर बोट दाबून वळ उठवून येत्यात लबाडं.

माती शब्द आमी सोडला. आता कमल भेंडी म्हंती, त्या गुळातल्या भेंडीवरनं. त्यात परवा एक नवा कामगार ताट घिऊन खोळंबला, म्हनला भेंडी टाकली म्हनलासा न्हवं, मग भेंडीची भाजी कुटं हाय.

मालकांचं आता वाढलंय. खोटी आशा मी धरत न्हाई. रात्री बसून झोपत्यात, मी पाठीला उशी लावते. तेवढं जेवनाच्या टायमाला मातर कॅन्टीनला येत्यात, दाराच्या पायरीवर बसत्यात, मानसं येता-जाता बोलत्यात, त्येंना बरं वाटतंय. आनि तेल गाळायची येळ झाली की आमचं रोजचं भांडान. मी म्हंते, उटा, लांब लिंबाखाली जावा, मला पोतं उगडायचंय, तुमच्या छातीला एक कनबी नगो. त्ये म्हनत्यात, आदी टावेल बांध. मी म्हंते, आदी उटा. मी गाठ मारल्याबिगर त्ये उटत न्हाईत, आनि त्ये लिंबाखाली पोचल्याबिगर मी पोत्याला हात लावत न्हाई. थांबत थांबत जात्यात, येळ लागतोय. तेल तापून तयार असतंय, कमल चिडती, म्हंती आक्का, आटपा की. मी काय आटपत न्हाई. जाईनात सावकास.

चला, आता तीच येळ झाली, त्ये बगा बसल्यात पायरीवर. तुमीबी उटा आनि त्येंच्यासंगं लिंबाखाली जावा, हाताला धरू नगा, त्येंना आवडत न्हाई, निस्तं बरूबर चाला. सुखी ऱ्हावा. भजी मी तितंच पाठवून देते.